कलम त्रेचाळीसचा माणूस

फायर अलार्म वाजला तेव्हा आसावरी रांगेत दुसरी होती. पुढच्या बाईला तिचं पार्सल मिळालं, की हिचाच नंबर... आणि नेमका तेव्हाच तो कर्कश भोंगा सुरू झाला. रिसेप्शनिस्टनं पिवळं जॅकेट चढवलं, "एव्हरिवन आउट, प्लीज!" म्हणत सगळ्यांना दाराबाहेर काढलं, आणि विद्यापीठाच्या त्या पाच मजली कचेरीतली झाडून सगळी माणसं फुटपाथवर येऊन उभी राहिली.

कार्डिफचा ऑक्टोबरातला पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो. आसावरीनं एका हातात छत्री धरली, लिफाफा कोटाच्या आत सरकवला आणि खांद्यात मान घालून फोनवर आईशी बोलू लागली. आई नॉटिंगहॅमला. तिला रोजचा अहवाल लागायचा.

"नाही गं आई, अजून दिला नाही. अलार्म वाजला... हो, मी ओके आहे. पण ही माणसं बघ ना, साधा एक आकडा मागितला, तर दोन पानांचा नकार पाठवला! तो पत्र ज्यानं लिहिला ना, त्याला हृदयच नाहीये. दगड आहे दगड!"

"ते पत्र," शेजारून कुणीतरी हळूच म्हणालं.

आसावरी वळली. अर्धा कप चहा हातात धरलेला एक उंच, सावळा तरुण पावसात भिजत उभा होता. अंगात नुसता शर्ट. चष्म्यावर थेंबच थेंब.

"काय?"

"तो पत्र नाही... ते पत्र. नपुंसकलिंग." तो ओशाळून हसला. "आणि हृदय आहे मला. कोट तेवढा वर राहिला."

"आई, मी नंतर फोन करते," आसावरी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तरी हातातली छत्री आपोआप त्याच्या बाजूला कलली. का, ते तिलाही कळलं नाही.

त्याचं नाव शशिधर. मूळचा नागपूरचा. इथेच एम.ए. करून गेली तीन वर्षं तो या कचेरीत माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तरं द्यायचं काम करत होता. ऑफिसात सगळे त्याला 'शॅश' म्हणायचे, आणि त्याला ते मुळीच आवडत नसे.

"म्हणजे त्या नकाराच्या पत्रातला कलम त्रेचाळीस तूच?" आसावरीनं विचारलं. इंग्लंडात जन्मलेल्या मुलीला अनोळखी माणसाला 'तुम्ही' म्हणायचं सुचत नाही. तो मात्र त्या 'तू'नं जरा दचकलाच.

"सही टीमची असते," तो म्हणाला. "पण हो... मजकूर माझा."

मागितलेला आकडा खरंच साधा होता. आसावरी एका सरकारी हॉस्पिटलात रेकॉर्ड्स विभागात काम करायची. कुणाच्या मृत्यूची चौकशी लागली की त्या माणसाची फाइल तारखेनुसार लावून द्यायची, हे तिचं काम. गेल्या वर्षी एक म्हातारी वेल्श बाई आपल्या नवऱ्याची जाडजूड फाइल उराशी धरून तिच्या खिडकीशी उभी राहिली होती. "यातली ही ओळ... हिचा अर्थ माझ्यासाठी काय होतो गं?" आसावरीला अर्थ कळत होता. सांगायची परवानगी नव्हती. त्या दिवशी घरी जाताना तिनं ठरवलं, आपण कायदा शिकायचा.

पदवीधरांसाठी दोन वर्षांचा कायद्याचा कोर्स कार्डिफमधल्या याच विद्यापीठात होता. अडचण एकच. आसावरीची पदवी टू-टू होती, म्हणजे खालचा दुसरा वर्ग. शेवटच्या वर्षी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तिची अर्धी परीक्षा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गेली. आता टू-टूवाल्यांना हे लोक घेतात का? वेबसाइटवर एकच वाक्य होतं : 'प्रत्येक अर्जाचा स्वतंत्रपणे विचार केला जातो.' ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी विचारलं, तर प्राध्यापकबाई गोड हसल्या. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन फोरमवर एकजण म्हणे, वेळ वाया घालवू नकोस. दुसरा म्हणे, माझ्या चुलतभावाला घेतलं. तो चुलतभाऊ खरा की खोटा, देव जाणे. शेवटी तिनं माहितीच्या अधिकारात रीतसर अर्ज केला : गेल्या पाच वर्षांत टू-टूवाले किती आले, किती घेतले? आणि वीस कामकाजी दिवसांनी उत्तर आलं, की कलम त्रेचाळीसनुसार ही माहिती उघड केल्यास विद्यापीठाच्या व्यावसायिक हिताला बाधा येऊ शकते.

"बाधा!" ती आता त्याच्यावर उखडली. "माझ्या टू-टूनं तुमच्या विद्यापीठाला बाधा होते?"

"फेरतपासणी मागा ना. तुमचा हक्क आहे तो."

"तेच तर आणलंय!" तिनं कोटातून लिफाफा काढला.

त्यानं घाईघाईनं दोन्ही हात मागे घेतले. चहा सांडला. "मला नका देऊ. रिसेप्शनला द्या, शिक्का मारून घ्या, पोच मागा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि... पोच जपून ठेवा."

अलार्म थांबला. माणसं आत जाऊ लागली. तो दारापर्यंत गेला, थांबला, पुन्हा मागे आला.

"छत्रीबद्दल... थँक यू."

एवढंच. पण लिफाफा देऊन, पोच घेऊन बसमध्ये बसल्यावर आसावरीला आठवलं, की तो हे म्हणताना तिच्याकडे नाही, लिफाफ्याकडे बघत होता. का बरं? काही सुचवायचं होतं का त्याला?

पुढची भेट दिवाळीच्या कार्यक्रमात झाली. मराठी मंडळानं चर्चचा हॉल घेतला होता. आसावरी चकल्यांच्या टेबलाशी उभी होती आणि तो समोरून आला. या वेळी कोट घालून.

"अरे! दगड आला," ती म्हणाली.

"दगडाला चकली मिळेल?"

ती हसली. मग तोही हसला. तो हसला की आधी चष्मा वर जायचा आणि मग डोळे बारीक व्हायचे. हे आपण इतकं नीट का बघतोय, असं वाटून तिनं घाईनं त्याच्या बशीत एकाऐवजी चार चकल्या टाकल्या.

कार्यक्रम संपल्यावर दोघं नदीकाठानं चालत निघाली. पार्कातली झाडं पिवळी झाली होती, दुपारचं ऊन पाण्यावर मिणमिणत होतं. त्यानं एकदम थांबून म्हटलं, "आसावरी, एक अट आहे. आपण भेटू, बोलू... मला आवडेल. पण तो आकडा मला कधी विचारायचा नाही."

"का?"

"मी तो पाहिलाय. सांगितला तर नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा गेला. आणि तसंही... सांगायचा नसतो."

"नाही विचारणार," ती म्हणाली. "प्रॉमिस."

आणि खरंच तिनं विचारलं नाही. फक्त त्याच्या चेहऱ्यावर तो शोधायला लागली.

दर शनिवारी ती दोघं जुन्या मार्केटच्या माडीवर चहा प्यायला भेटत. तो तिचं मराठी सुधारायचा. "ती टेबल नाही, ते टेबल. तो खुर्ची नाही, ती खुर्ची."

"लाकडाला जेंडर कशाला लागतो पण? टेबलाचं कुठे लग्न करायचंय?"

"लागतं, बापा! जेंडर लागतं."

"आणि तू? तू काहून-काहून काय करतोस मग? आई म्हणते, 'का' म्हणायचं, असा शब्दच नाहीये."

"तुझी आई पुण्याची आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यांना माफ आहे."

एका शनिवारी त्यानं कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचं एक जुनं पुस्तक आणलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीनं खुणा केलेल्या. आसावरीला रात्रभर बरं वाटलं... आशा असल्याशिवाय कुणी इतक्या खुणा करेल का? पण पुढच्याच आठवड्यात तो सहज म्हणाला, "एकाच ठिकाणी अर्ज नको करूस. इतर कॉलेजंही बघ." झालं! म्हणजे इथे काहीच होणार नाही. त्यालाच तर माहीत आहे! मग तिच्या कपातली साखर ढवळून देताना त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि त्यानं तो पटकन काढला नाही... हे काय होतं? कीव होती? की दुसरंच काही? कीव वाटणारा माणूस असा बघतो का? आणि नाही बघत, तर मग कसा बघतो?

"मी वेडी होणार आहे," तिनं मंजिरीला सांगितलं. मंजिरी तिच्याच हॉस्पिटलात नर्स, पुण्याहून आलेली, आणि तिच्याकडे कुठल्याही दुखण्यावर एका वाक्यात औषध असायचं. मार्केटमध्ये तिनंही एकदा शशिधरला पाहिलं होतं.

"त्याचा चेहरा म्हणजे काय रक्ताचा रिपोर्ट आहे?" मंजिरी म्हणाली. "मला तर तो नुसता भुकेला दिसला."

डिसेंबर संपला. फेरतपासणीचं उत्तर येईना. दोनदा फक्त 'विलंबाबद्दल क्षमस्व' असा मेल आला. जानेवारीअखेर अर्जाची मुदत. पाचच कॉलेजं निवडता येणार होती, त्यात एक जागा या विद्यापीठावर वाया घालवायची की नाही? आसावरीनं तो अर्ज सहा वेळा उघडला आणि सहा वेळा बंद केला.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी दोघं रोथ पार्कच्या तळ्याकाठी बाकावर बसली होती. हंस थंडीनं मान पंखांत खुपसून बसले होते. बोलता बोलता आसावरीच्या तोंडून निघून गेलं—

"तू बोलू नकोस काही. फक्त मान हलव. हो की नाही... एवढंच."

शशिधर हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

"मी कुणाला सांगणार नाही, शशी."

"आसावरी, तुझ्याकडे दुसऱ्या कुणाची फाइल असती... आणि मी विचारलं असतं, त्यात काय आहे... तर दाखवली असतीस?"

नसती दाखवली तिनं. आणि म्हणूनच तिला राग आला.

"म्हणजे नाहीच आहे," ती उठली. "चान्स असता तर तुझा चेहरा असा झाला नसता. इतके आठवडे तू मला... बिचारी, तिला बोलू दे, तिला शिकू दे... असंच ना?"

"माझा चेहरा थंडीनं झालाय असा," तो म्हणाला. पण आवाज हसरा नव्हता. "मी तुला कधीच बिचारी समजलो नाही."

"मग काय समजलास?"

तो तळ्याकडे बघत म्हणाला, "ते आत्ता सांगितलं, तर तू त्याचाही आकडाच करशील."

ती निघून गेली. पाठीमागून त्यानं हाक मारली नाही. बस स्टॉपपर्यंत ती त्या हाकेची वाट पाहत होती, हे तिनं मंजिरीलासुद्धा सांगितलं नाही.

तीन आठवडे गेले. त्याचा मेसेज आला नाही, हिनं केला नाही. एकदा तिनं 'कसा आहेस' लिहिलं, मग 'कसा' पुसून 'कशी' लिहिलं, मग सगळंच पुसून टाकलं. मुदतीच्या आधीचा शुक्रवार सुट्टी टाकून ती नॉटिंगहॅमला आईबाबांकडे गेली. आईनं थालीपीठ लावलं, बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून तिला न्याहाळलं.

"कुणी नापास केलं गं तुला?" त्यांनी विचारलं. "कॉलेजनं, की आणखी कुणी?"

"बाबा, तुम्ही पण ना..."

तेवढ्यात फोन वाजला. मेल होता. विद्यापीठाचा. 'फेरतपासणीचा निर्णय.'

"वाच, वाच, मोठ्यानं वाच," बाबा म्हणाले. "आणि मराठीत सांग. ते वकिली इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं."

आसावरी वाचू लागली. "मूळ नकार अंशतः रद्द करण्यात येत आहे... पाच वर्षांचा एकत्रित आकडा देता येईल... टू-टू असलेले अर्जदार, एकशे त्रेचाळीस. त्यांपैकी प्रवेश देऊ केलेले... नऊ."

"नऊ!" आई म्हणाली. ती चांगली बातमी की वाईट, तिला ठरवता येईना. ती तव्याकडे वळली, पुन्हा लेकीकडे वळली.

"म्हणजे कुणालातरी घेतात की," बाबा म्हणाले.

"एकशे चौतीस जणांना घेतलं नाही, बाबा."

खरं तर आसावरीलाही कळत नव्हतं. इतके महिने तिला वाटत होतं, की आकडा कळला की सगळं कळेल. आता आकडा हातात होता आणि ती होती तिथेच होती. त्या नवात आपण की त्या एकशे चौतिसांत, हे कुठे लिहिलंय?

"संपलं का पत्र?" बाबांनी विचारलं.

"अजून एक परिच्छेद आहे..." ती यांत्रिकपणे वाचत गेली. "मूळ अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्यानं, अर्जदाराबाबत आपलं वैयक्तिक हित गुंतलं असल्याचं सतरा ऑक्टोबर रोजी लेखी कळवलं. त्यामुळे त्यांना या प्रकरणापासून पूर्णपणे दूर..."

तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"वैयक्तिक हित म्हणजे काय गं?" बाबा म्हणाले. "त्याचा काय संबंध?"

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा," आई म्हणाली. गॅस बंद करून ती लेकीच्या समोर येऊन बसली. "हा तोच का? दगड?"

"सतरा ऑक्टोबर..." आसावरी पुटपुटली. "आई, आम्ही पंधराला भेटलो. अलार्मच्या दिवशी. सतराला तर... तेव्हा तर काहीच नव्हतं! दिवाळीसुद्धा नव्हती! त्यानं कशाला असं लिहिलं?"

"मला काय विचारतेस? जा आणि त्याला विचार. पण आधी खाऊन घे."

शनिवारी सकाळची ट्रेन धरून ती कार्डिफला परतली. ट्रेनमध्ये तिनं तो परिच्छेद बर्मिंगहॅमपर्यंत अकरा वेळा वाचला. कदाचित तो नुसता काटेकोर असेल. मराठी मुलगी भेटली, ओळख झाली, दिलं कळवून. नियम म्हणजे नियम. असंही असू शकतं ना?... असू शकतं. पण मग लिफाफ्याकडे तसा का बघत होता? ग्लॉस्टर गेलं तरी उत्तर मिळालं नाही.

'कुठे आहेस?' तिनं मेसेज केला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'लॉन्ड्रेटमध्ये. मशीन बंद पडलंय घरचं. काहून?'

त्याच्या घराजवळ, कॅथेजमधल्या त्या नाणी टाकून कपडे धुवायच्या लॉन्ड्रेटमध्ये गरम, साबणाचा वास भरून राहिला होता. शशिधर ओली चादर हातात घेऊन ड्रायरपुढे उभा होता. तिला दारात बघून त्यानं चादर आत टाकायच्या ऐवजी छातीशीच धरली.

"सतरा ऑक्टोबरला तू काय लिहिलंस?" तिनं विचारलं. ना हॅलो, ना काही.

त्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. "ते... पत्रात आलं? ग्विनेथनं घातलं ते पत्रात?" ग्विनेथ म्हणजे त्याची साहेबीण.

"वैयक्तिक हित म्हणे. कसलं?"

"फॉर्म असतो. त्यात पर्याय असतात. नातेवाईक, मित्र, व्यवसायातला संबंध, इतर. मी 'इतर'वर खूण केली."

"आणि?"

"आणि 'इतर' म्हटलं की खाली एक चौकट उघडते. स्पष्टीकरण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही." त्याच्या शर्टावर चादरीचं पाणी झिरपत होतं. त्याला पत्ता नव्हता. "मी दोन दिवस तो फॉर्म उघडा ठेवून बसलो होतो, आसावरी. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं."

"काय खरं होतं?"

"'सध्या काही नातं नाही. व्हावं अशी इच्छा आहे.'"

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ मोजे जोडत बसले होते. मशीन घरघरत होतं. आसावरी आत येऊन त्याच्या समोर उभी राहिली.

"हे तू साहेबिणीला लिहून दिलंस? मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, आकडा सांगायला लागू नये म्हणून गोड बोलून राहिला. आणि तुझी केस सुटेपर्यंत सांगणं बरोबरही नव्हतं." त्यानं चादर आणखी घट्ट धरली. "त्या दिवशी तळ्याकाठी मला तो आकडा माहीत होता. पण तू त्या नवात बसतेस की नाही, हे मला कुठून माहीत असणार? तू माझा चेहरा वाचत होतीस... त्यावर ते नव्हतंच लिहिलेलं."

"मग काय लिहिलं होतं?"

"इतकी शिकलेली मुलगी तू," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा चष्मा वर गेला. "वाच की आता."

तिनं वाचलं. बराच वेळ. मग तिनं त्याच्या हातातली चादर काढून घेतली, ड्रायरमध्ये टाकली आणि बाकावर बसून बॅगेतला लॅपटॉप उघडला. अर्ज तयारच होता. चार कॉलेजं भरलेली, पाचवी जागा रिकामी. तिनं या विद्यापीठाचं नाव निवडलं. शशिधर झटकन वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय?"

"मी बघू नये. माझं हित गुंतलंय."

तिनं बटण दाबलं. पडद्यावर 'अर्ज पाठवला' असं आलं. मार्चपर्यंत आता काहीही कळणार नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे तिनं लॅपटॉप सरळ मिटून टाकला.

"वळ आता," ती म्हणाली. "आणि सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या तो फॉर्म पुन्हा भरायचा."

"काहून?"

ती उठून त्याच्या इतकी जवळ गेली, की मोजे जोडणाऱ्या गृहस्थांनी सभ्यपणे मान फिरवली.

"कारण त्यातला पहिला वाक्य आता खोटा आहे."

शशिधरनं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले... पहिलं वाक्य, खोटं, नपुंसकलिंग... सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

त्यानं एकही चूक सुधारली नाही.